साडेसहाशे वॅट

३ फेब्रुवारी, मंगळवार

भिंगरी,

आशीर्वाद आहेतच. घ्यायचे की परत पाठवायचे ते तू बघ.

तुझा फोन मला चौदा महिने लागत नाही. नेटवर्क इतके दिवस बिघडलेलं राहत नाही, एवढं लिफ्टच्या मेकॅनिकलाही कळतं. म्हणून कागदावर लिहितोय. तुझी आई दर रविवारी मावशीकडे तुला भेटायला येते, तिच्या पिशवीतून हे येईल. मी पत्राचं नाव काढल्यावर ती म्हणाली, "नेऊन देईन. पण मी पोस्टमन आहे, वकील नाही. तुमची बाजू मांडायला सांगू नका."

बाजू मांडतही नाही. तुझ्या कॉम्प्युटर गेमची मॅच चालू असताना मी रागाने मेन स्विच खाली ओढला, तुझा संघ हरला, संघाने तुला काढलं आणि आठ दिवसांत तू बॅग भरून मावशीकडे गेलीस. यात माझी म्हणून जी काही बाजू आहे ती मी स्वतःला इतक्यांदा सांगून पाहिली आहे की आता मलाच पटेनाशी झालीय. तेव्हा तो विषय नको. कामाचं लिहितो.

तुझी मशीन जळाल्याचं आईकडून कळलं. आधी वास, मग धूर, पॉवर सप्लाय गेला आणि जाताना मदरबोर्ड नि ग्राफिक्स कार्डही घेऊन गेला. ती हे सांगत होती तेव्हा मी शर्टाची बटणं लावत होतो. बटणं एक घर चुकली आणि मी तसाच कामावर गेलो, दुपारपर्यंत कोणी सांगितलंही नाही.

आणि एक मार्चला तुझी निवड चाचणी आहे म्हणे. पगार देणारा संघ, एकच जागा, दोनशेच्या वर अर्ज, त्यातून चाळीस जण निवडले आणि त्यात तू. प्रत्येकाने आपापल्या घरून, आपापल्या मशीनवर खेळायचं. मशीन नाही तर चाचणी नाही. आई हे असं सांगत होती जणू तिलाच खेळायला बसायचंय.

माझ्याकडे साठ हजार आहेत. ओव्हरटाइमचे. मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस तुझा शाबूत आहे असं कळतं, म्हणजे बाकीची पेटी साठात बसवायची. गेला आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत मी पार्टच्या दुकानात जाऊन बसतोय. दुकान एका बाईंचं आहे. बिनफ्रेमचा चष्मा, आवाज हेडमास्तरीणबाईंचा, आणि गिऱ्हाईक मूर्ख असतं यावर ठाम विश्वास. मी आधी यादी करून नेली होती. तिच्यात हजार वॅटचा पॉवर सप्लाय होता, त्याच्या आधी स्टॅबिलायझर आणि मागे यूपीएस. बाईंनी यादी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मुलगी यावर गेम खेळणार आहे की वेल्डिंग करणार आहे?"

मी म्हटलं, आमच्या कामात जिथे एक दोर पुरतो तिथे सहा लावतात, म्हणून तर लोक निवांत आरशात भांग पाडत वर जातात.

"इथे कोणी लटकणार नाहीये," बाई म्हणाल्या. "तुम्ही पाव बजेट पॉवर सप्लायला घातलंत. उरलेल्या पैशांत जे ग्राफिक्स कार्ड येईल त्याच्यावर पत्ते खेळता येतील."

भिंगरी, मला यातलं काही कळत नाही. वीज कळते, गेम कळत नाही. यादी सोबत जोडली आहे. तू उत्तर लिहू नकोस, लिहावंसं वाटणारही नाही. फक्त चुकलं असेल तिथे खूण कर आणि आईच्या पिशवीत टाक. सव्वीस दिवस आहेत.

तुझे बाबा

९ फेब्रुवारी, सोमवार

भिंगरी,

यादी परत आली. लाल पेन!

आईने पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला आणि आत निघून गेली. मी तो उभ्या उभ्या वाचला, मग बसून वाचला, मग आज कामावर नेला आणि अकरा मजली ऑफिसच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये, मोटरच्या घरघरीत पुन्हा वाचला. ‘बाबा’ नाही, ‘तुमची’ नाही, सही नाही. चालेल. हजार वॅटवर आडवी रेघ आणि बाजूला ६५०. स्टॅबिलायझरपुढे दोन प्रश्नचिन्हं. ती दोन प्रश्नचिन्हं मला तुझ्या आवाजात ऐकू आली. यूपीएसवर काहीच खूण नाही. लाइट गेली तरी त्यावर मशीन वीस मिनिटं चालते. मेन स्विच कोणीही ओढला तरी. तू ती ओळ का सोडलीस ते मला कळलं. बरोबर केलंस.

साडेसहाशे ऐकून बाई एवढ्या खूश झाल्या की मला स्टूल दिलं. त्यांच्या मते तुझी सगळी मशीन भरधाव चालली तरी चारशेच्या आसपास खाईल. म्हणजे वर अडीचशे शिल्लक. लिफ्टच्या मानाने हे म्हणजे सुतळीवर पाळणा टांगल्यासारखं आहे, पण तुम्ही दोघी एकीकडे झालात तर मी काय बोलणार.

आता अडचण. ग्राफिक्स कार्डाच्या ओळीवर तू काट मारून लिहिलंयस, ‘हे नको. याच्या वरचं. नवीन बसणार नाही, जुनं घ्या.’

‘घ्या’ लिहिलंयस. आदराने लिहिलंयस. तेवढ्यावर माझा आठवडा निघाला असता. पण जुनं नको, भिंगरी. जुनं मी घेणार नाही. एक पायरी खालचं घेऊ, पण कोरं घेऊ, खोक्यातलं, सील न फोडलेलं. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, खालचं कार्ड घेतलं तर चित्र मधेच अडखळेल, समोरचा माणूस हिला उशिरा दिसेल, आणि तोवर तो हिला मारून पुढे गेलेला असेल. जुनी कार्डं त्या स्वतः तपासून, सहा महिन्यांची हमी देऊन विकतात. सगळं खरं असेल. तरी जुनं नको. कारण विचारू नकोस. ओव्हरटाइम अजून करीन आणि वरचे पैसे उभे करीन, पण तेवढ्यासाठी तीन महिने लागतील आणि आपल्याकडे वीस दिवस आहेत. काहीतरी बघतो.

तुझे बाबा

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंगरी,

वरचं पत्र अजून टेबलाच्या खणातच आहे. रविवारी दोन्ही एकदम मिळतील. हे आधी वाच, ते नंतर.

‘कारण विचारू नकोस’ असं लिहिलं आणि चार दिवस मी स्वतःलाच विचारत बसलो. काल आई जेवताना म्हणाली, "ती स्वतःला दोष देतेय. म्हणते, मीच धूळ साफ केली नाही, पंख्यात अडकली, म्हणून जळालं." मी ताट सारून उठलो.

धुळीने जळालं नाही.

तीन वर्षांपूर्वी तू शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे माझ्या हातात दिलेस आणि म्हणालीस, "बाबा, तुम्हाला विजेतलं कळतं, चांगला पॉवर सप्लाय तुम्हीच आणा." दुकानात मी किंमत ऐकली आणि माझं डोकं फिरलं. लोखंडी डबा, आत तांबं आणि दोन-चार कपॅसिटर, याचे एवढे पैसे? त्याच आठवड्यात एका बंद पडलेल्या ऑफिसची लिफ्ट आम्ही काढत होतो. तिथे जुन्या कॉम्प्युटरांचा ढीग होता, भंगारात जायचा. त्यातला एक डबा मी काढला. उघडून पाहिला, फुंकर मारली, स्पिरिटने पुसला, मीटर लावून व्होल्टेज बघितलं. मीटरवर अगदी बरोबर होतं. मग तो घरी आणला आणि तुला सांगितलं, नवीन आहे.

तुझे पैसे मी खाल्ले नाहीत. ते महिन्याभराने तुझ्या वाढदिवसाला ‘माझ्याकडून’ म्हणून तुलाच दिले. तू गळ्यात पडलीस. मी तेही घेतलं. बाजारात कशी लूट चालते आणि आपण कसे फसलो नाही, याचा मला तेव्हा अभिमानच वाटला होता. हे लिहिताना कान तापतायत.

मीटर लावला तेव्हा त्या डब्यावर काही भार नव्हता. रिकाम्या पाळण्याची लिफ्टही सुरळीत चालते, पण आम्ही ती कधीच पास करत नाही. आत पूर्ण वजनाच्या लोखंडी लाद्या भरतो, वर-खाली दहा फेऱ्या मारतो, मग सही करतो. परक्या लोकांसाठी मी हे तीस वर्षं केलं. तुझ्या वेळी लाद्या भरल्या नाहीत.

म्हणून जुनं नको म्हटलं. जुन्या वस्तूची भीती नाहीये, मी ती आणीन याची भीती आहे.

हे चाचणी झाल्यावर सांगावं असं मनात आलं होतं. तुझं चित्त विचलित होईल, मशीनच नको म्हणशील, चाचणी बुडेल, असं बरंच काही. पण तोवर तू त्या धुळीला दोष देत बसणार. ते मला सहन होत नाही. आता मशीन नको म्हणालीस तरी समजून घेईन. म्हणजे घेणार नाही, पण गप्प बसेन.

बाबा

१६ फेब्रुवारी, सोमवार

भिंगरी,

काल आई रिकाम्या हाताने आली.

"दिलीस?"

"दिली."

"वाचली?"

"वाचली. दोन्ही."

"मग?"

"मग तिने भांडी घासली."

"अगं, चेहरा कसा होता?"

"पाठमोरी होती," आई म्हणाली, आणि मग, "पण स्वच्छ असलेली भांडीही घासली."

मी तिला आणखी विचारलं तर तिने काखा वर केल्या. म्हणाली, "मलाही तुम्ही तीन वर्षं सांगितलं नव्हतं." आणि ताट वाढून दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.

आज एका दवाखान्याच्या लिफ्टचा दरवाजा अर्धा उघडून अडकला होता. नेहमीचं दहा मिनिटांचं काम, मला पाऊण तास लागला. हाताखालच्या माणसाने विचारलं, तब्येत बरी आहे ना. तेरा दिवस राहिले. दुकानात अजून काहीच सांगितलेलं नाही. बाई म्हणतात, प्रोसेसर आणि बोर्ड तरी बाजूला काढून ठेवा, भाव रोज हलतायत. पण तू नको म्हटलंस तर? आणि हो म्हणायला उशीर झाला तर? असं दोन्ही बाजूंनी जीव टांगणीला लागलाय. शेवटी प्रोसेसर, बोर्ड, रॅम बाजूला काढायला सांगून आलो. तुला विचारल्याशिवाय केलं, राग आला तर त्यातच धर.

हे पत्र कसं पोचवायचं माहीत नाही. आई रविवारशिवाय जाणार नाही म्हणते. तरी लिहिलं.

बाबा

२१ फेब्रुवारी, शनिवार

भिंगरी,

गुरुवारी आईच्या फोनवर तुझ्या चिठ्ठीचा फोटो आला. आईने फोन माझ्यापुढे धरला. दोनच ओळी.

‘पॉवर सप्लायचं बिल पाठवा. दुकानाचा शिक्का हवा.

कार्ड जुनंच घ्या.’

पहिली ओळ जिथे लागायची तिथे लागली. लागायलाच हवी होती. दुसरी मात्र मी कितीदा वाचली सांगता येणार नाही. सगळं कळल्यावरही तू मलाच जुनं आणायला सांगतेयस. तुझ्या मनात काय आहे ते मी विचारत नाही, मला वाटतंय तेच असू दे.

बिल सोबत टाचलं आहे. शिक्का दोनदा मारून घेतला. बाई म्हणाल्या, "एक पुरतो." मी म्हटलं, आमच्या घरी पुरत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता दुसरा मारला, वर तारीखही घातली. खोक्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवून बघ. साडेसहाशे वॅट, सील माझ्यासमोर फोडलं.

कार्डाचं सांगतो. बाईंकडे तीन जुनी होती. मी तिन्ही हातात घेऊन बघितली. एकाचा पंखा बोटाने फिरवला की कुरकुरत होता, दुसऱ्याचे स्क्रू आधी कोणीतरी उघडलेले, खाचा घासलेल्या. तिसरं मला पसंत पडलं. मग मी म्हटलं, हे माझ्यासमोर पूर्ण भार टाकून चार तास चालवा.

"चार तास? लोक दहा मिनिटं बघतात."

"मी बसतो."

बसलो. पडद्यावर कसलासा जळता गोळा फिरत होता आणि कोपऱ्यात तापमानाचा आकडा. बहात्तरवर गेला, चौऱ्याहत्तर झाला, तिथे थांबला. मी आकड्यावरून नजर काढली नाही. दोनदा बाई म्हणाल्या, जेवून या, तो कुठे पळून जात नाही. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "काका, तुमचंच तापमान बघायला हवं." शेवटी त्यांनीच आपल्या डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं. चार तासांनी आकडा चौऱ्याहत्तरच होता. मी कार्डावर हात ठेवून बघितला, हात भाजला, बाई ओरडल्या. पण त्याला वास नव्हता. जळण्याचा वास मी ओळखतो.

यूपीएस धरून सगळं साठाच्या आत बसलं. दुकानात मशीन फुकट जोडून देतात. मी नको म्हटलं, घरी नेलं.

बाबा

२५ फेब्रुवारी, बुधवार

भिंगरी,

हे तुला सांगू नये असं वाटतंय, पण आता लपवण्याची माझी पत राहिलेली नाही.

सोमवारी सुट्टी टाकली. जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरून मशीन जोडली. प्रोसेसर बसवताना श्वास रोखून धरला होता, एवढा नाजूक जीव मी आयुष्यात हातात धरला नाही, तुला पहिल्यांदा उचललं तेव्हाचं सोडून. रॅम दाबताना ‘कट्’ आवाज आला तर बोर्ड मोडला असंच वाटलं. दुपारी चारला बटण दाबलं. पंखे फिरले, आईच्या टीव्हीवर चित्र आलं. आई टाळ्या वाजवायला लागली आणि मग तिला आठवलं की ती माझ्याशी धड बोलत नाहीये.

मग वायरी नीट बांधून घ्याव्या म्हणून मशीन बंद केली आणि पुन्हा आत हात घातला. मंगळवारी सकाळी चालू केली. पंखे फिरतात, पडदा काळा. पुन्हा केली, काळा. बंद करून दहापर्यंत मोजलं, शंभरपर्यंत मोजलं, काळा. रॅम काढून बसवली. कार्ड काढून बसवलं. मनात एकच, जुनं कार्ड गेलं, मी आणलेलं पुन्हा गेलं. कामावर न जाता मशीन पोटाशी धरून दुकानात नेली. बाईंनी झाकण उघडलं आणि पाच सेकंदांत म्हणाल्या, "प्रोसेसरची वायर कुठाय?"

"म्हणजे?"

"बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात एक जाड वायर येते. ती नाहीच आहे. कोणी काढली?"

कोणी काढली ते मला तिथेच कळलं. सांगतो. लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी आम्ही फ्यूज काढतो आणि स्वतःच्या खिशात ठेवतो. पाटी लावून भागत नाही, पाटी कोणीही वाचत नाही. फ्यूज आपल्या खिशात म्हणजे आपण आत असताना जगातला कोणीही लिफ्ट चालू करू शकत नाही. माझ्या उस्तादाने पहिल्या दिवशी कानाखाली मारून हे शिकवलं होतं. तीस वर्षांत हात आपोआप ते करतो, मला विचारत नाही. या पॉवर सप्लायच्या वायरी दोन्ही टोकांनी निघतात. वायरी बांधायला आत हात घालण्याआधी मी एक उपटली, खिशात टाकली आणि विसरलो. पँट धुण्यात गेली.

घरी आलो तर आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. दोन चिमट्यांनी ती वायर दोरीला लावलेली. "हे कोणाचं आतडं आहे?" म्हणाली.

पुन्हा दुकानात गेलो, बाईंनी दुसरी वायर दिली. ओली वाळवून चालली असती म्हणे, पण ओल्यावर मी भरवसा ठेवणार नाही. आता मशीन काल संध्याकाळपासून चालू आहे. पूर्ण भार टाकलाय. लाद्या भरल्यात असं समज.

या पत्राचा फोटो आईच्या फोनवरून पाठवतोय. शुक्रवारी मशीन घेऊन येतो. तू समोर यायची गरज नाही.

बाबा

२८ फेब्रुवारी, शनिवार

भिंगरी,

हे पत्र आईने तुला चाचणी झाल्यावरच द्यायचं आहे. तशी तिला ताकीद दिलीय, म्हणजे हात जोडून सांगितलंय.

काल टॅक्सीत मशीन मांडीवर घेतली आणि पट्टा तिच्याभोवतीही ओढून घेतला. ड्रायव्हर म्हणाला, काच आहे का आत? मी म्हटलं, हो, तसंच. प्रत्येक खड्ड्याला मी ती आणखी घट्ट धरत होतो आणि तो आरशातून माझ्याकडे बघून आणखी सावकाश चालवत होता. मागच्या गाड्या भोंगे मारत होत्या.

मावशीने दार उघडलं. तुझ्या खोलीचं दार चार बोटं उघडं होतं. मला तुझी पाठ दिसली आणि केस. केस कापलेस, हे आईने सांगितलं नव्हतं. मी मशीन कुठे ठेवू म्हणून मावशीला विचारलं, तेवढ्यात आतून तू म्हणालीस, "तिथेच ठेवा. मी घेते."

चौदा महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. जरा बसलेला वाटला. सर्दी झालीय का? उद्या आहे चाचणी, काहीतरी घे.

मी लगेच निघालो. मावशी चहाला थांबा म्हणाली, पण मी थांबलो असतो तर तू खोलीतून बाहेर आली नसतीस आणि मशीन दारातच राहिली असती. खाली उतरून समोरच्या फुटपाथवर मात्र अर्धा तास उभा राहिलो. तुझ्या खिडकीकडे बघत. धूर येतो का ते बघत होतो, खरं सांगतो. एका बाईने विचारलं, कोणाला शोधताय? मी म्हटलं, कोणाला नाही.

उद्या मी कामावर आहे, मुद्दाम मागून घेतलं. घरी बसलो असतो तर आईला दर पाच मिनिटांनी फोन केला असता. यूपीएस भिंतीच्या प्लगमध्ये घट्ट बसलाय ना ते एकदा बघ. मशीनच्या मागे वीतभर मोकळी जागा सोड. हे पत्र तुला नंतर मिळणार आहे, म्हणजे हे सांगून काही उपयोग नाही, तरी सांगतो.

एक मनातलं लिहितो. मला एवढंच हवंय की उद्या जे होईल ते माझ्यामुळे होऊ नये. गेल्या वेळी माझ्यामुळे झालं. ते पुन्हा झालं तर मी तुला तोंड दाखवणार नाही, पत्रही लिहिणार नाही. बास.

बाबा

३ मार्च, मंगळवार

भिंगरी,

काल तुझा फोन आला तेव्हा मी एका बँकेच्या लिफ्टच्या छतावर बसून दोरांना ग्रीस लावत होतो. नंबर बघितला आणि आधी वाटलं आईने तुझ्या फोनवरून केला असेल. ग्रीसच्या हाताने उचलला, फोन अजून बुळबुळीत आहे.

फोनवर मी काय बोललो ते मला आठवतंय आणि त्याची लाज वाटते, म्हणून हे पत्र.

तू म्हणालीस, "बाबा, निवड नाही झाली."

आणि मी काय विचारलं? "मशीन बंद पडली का?" तुझ्या तोंडून दुसरा शब्द येण्याआधी. तू नाही म्हणालीस. मग मी विचारलं, तापली का, अडखळली का, कार्डाचा आवाज आला का, लाइट गेली होती का. एकापाठोपाठ एक, तक्रार लिहून घेतो तसं. शेवटी तू म्हणालीस, "बाबा, मशीनने काही केलं नाही. एकदम व्यवस्थित चालली. समोरचे माझ्यापेक्षा चांगले होते. मीच कमी पडले."

मग तू रडायला लागलीस.

भिंगरी, महिनाभर मी देवाला एकच मागत होतो की दोष माझा निघू नये. काल त्या छतावर बसून मला पहिल्यांदा वाटलं, माझाच निघाला असता तर किती बरं झालं असतं. वायर सुटली असती, कार्ड जळालं असतं, मी काहीतरी चुकीचं आणलं असतं. तू माझ्यावर चिडली असतीस, आणखी चौदा महिने फोन बंद ठेवला असतास, मला ते जमलं असतं, सवय आहे. तू स्वतःवर रडतेयस हे मला जमत नाही. यात उघडून बघायला काही नाही. मीटर कुठे लावू?

म्हणून मी काही बोललो नाही. तुला वाटलं असेल फोन कट झाला, दोनदा "बाबा?" म्हणालीस. मी होतो. खाली हाताखालचा माणूस ओरडत होता, झालं का, झालं का. मी त्याला हाताने गप्प केलं. अकरा मिनिटं तू रडत होतीस आणि मी ऐकत होतो.

मला हे सांगायचं होतं की चाळीस जणांत पोचलीस तेव्हा तुझ्याकडे मशीनच नव्हती. हेही सांगायचं होतं की मला तुझा खेळ कळत नाही, एकदा दाखव, मी खुर्ची घेऊन मागे बसेन, मधे बोलणार नाही. यातलं काही सुचलं नाही. शेवटी तू नाक पुसून म्हणालीस, "बरं, ठेवते," आणि मी म्हटलं, "पंख्याची जाळी महिन्यातून एकदा पूस." हे मी म्हटलं! पंचवीस वर्षांच्या संसारात तुझी आई माझ्याशी कशी राहिली, तिचं तिलाच माहीत.

एक गोष्ट कामाला जाताना डोक्यात आली. इतकं वाईट झाल्यावर आई तिथेच शेजारी होती, मावशी होती, तुझ्या मैत्रिणी असतील. तरी दुसऱ्या दिवशी तू नंबर उघडलास तो माझा. का, ते विचारत नाही.

फोन आता चालू ठेव. मीही ठेवतो, छतावर असलो तरी उचलेन. रडायला कर, भांडायला कर, नुसता धरून बस. मशीनचं काही काम नसलं तरी कर.

बाबा